आधी कोणतं पान

सर, तुम्ही जाऊन आता आठ वर्षं होतील. मी अजून शेंद्र्याच्या त्याच कारखान्यात आहे, फक्त आता खिडकीजवळ बसते आणि माझ्या हाताखाली तिघं जण आहेत. काम तेच, मशीनसोबत जाणारी माहितीपुस्तकं लिहिण्याचं. तुम्ही होतात तेव्हा आपण दोन प्रकारची पॅकिंग मशीनं बनवायचो, आता अकरा प्रकारची बनतात, आणि लिहायची राहिलेली पुस्तकं कायमच लिहून झालेल्यांपेक्षा जास्त असतात. त्यामुळं माझा निम्मा वेळ आधी काय लिहायचं हे ठरवण्यातच जातो. दर सोमवारी मी यादी करते. विक्रीवाल्यांना प्रदर्शनासाठी काहीतरी हवं असतं, परदेशी ऑर्डरीला इंग्रजी पुस्तक हवं असतं, जुन्या ग्राहकांना दुरुस्त केलेली पानं हवी असतात. प्रत्येकाचं काम तातडीचं. जो माणूस टेबलापाशी येऊन उभा राहतो त्याचं काम वर सरकतं. हे मला दिसत असतं, आणि तरी ते सरकतं.

मी लागले तेव्हा लिहिणाऱ्या बाईला कुठं बसवायचं हे कुणालाच सुचेना, म्हणून मला तुमच्या सर्व्हिस विभागात टाकलं. पहिल्या पुस्तकावर मी दीड महिना घालवला. प्रस्तावना, प्रत्येक भागाचं नाव, आकृत्या, शेवटी अकारविल्हे सूची. त्या सूचीवर माझा फार जीव होता. तुम्ही उभ्या उभ्याच पानं चाळलीत आणि विचारलंत, "मशीन अडकल्यावर काय करायचं, ते कुठंय?" मी म्हटलं, ते शेवटचं प्रकरण आहे, अजून लिहायचंय. तुम्ही गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवलात. "मंग तू अजून काहीच लिहिलं नाय," म्हणालात आणि चहाला निघून गेलात. दोन दिवस मी तुमच्याशी कामापुरतंसुद्धा धड बोलले नाही. तुम्हाला ते कळलं होतं की नाही, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला मोटारसायकलवर मागं बसवून करमाडला नेता. बियाणं पिशव्यांत भरायचा एक लहानसा कारखाना आहे, वर पत्रे, आत धूळ. मशीनपाशी पन्नाशीचा एक माणूस उभा आहे. मशीनच्या अंगाला चिकटपट्टीनं एक पान लावलंय, त्यावर तेलाची बोटं उमटलेली. आपल्याच जुन्या पुस्तकातलं, मशीन अडकल्यावर काय करायचं ते पान, फाडून लावलेलं. तुम्ही विचारता, "बाकीचं पुस्तक कुठंय?" तो म्हणतो, "हाय की, कपाटात. त्याचं काय काम पडत नाय, साहेब." तो हे कौतुकानं म्हणत नाही, तक्रारीनंही म्हणत नाही. येताना आपण जालना रोडवर चहाला थांबलो. तुम्ही बशीत चहा ओतता ओतता म्हणालात, "माणूस अडला की पान उघडतो. तवा मालक डोक्यावर उभा असतो, माल खोळंबलेला असतो. त्याला जे लागंल ते आधी लिही. तुझी सूची फुरसतीनं कर. नाय केली तरी कुणी विचारणार नाय." मला ते लागलं. तरी दुसऱ्या दिवशी मी सूची बाजूला ठेवली.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी तुम्ही मला तुमचं फोनचं रजिस्टर दिलंत. सगळ्यांना मिठाईचे डबे मिळाले होते, मला त्याच्यासोबत हे. कुठून फोन आला, कोणतं मशीन, माणसानं काय विचारलं, सगळं तुमच्या तिरक्या अक्षरात. "याच्यातनं कळंल तुला, लोकं कुठं अडतात ते," म्हणालात. चार दिवसांच्या सुट्टीत मी ते पूर्ण वाचलं. त्यानंतर तुम्ही असेपर्यंत आधी काय लिहायचं याबद्दल आपला वाद झाला नाही. पुढं तक्रारी कॉम्प्युटरवर यायला लागल्या. आता तक्रारीसोबत एक रकाना असतो, त्यात काम किती तातडीचं ते लिहायचं, आणि बहुतेक जण 'अतितातडीचं' असंच लिहितात.

यंदाच्या उन्हाळ्यात सर्व्हिसच्या एका पोरीची टीप आली. इंजिनियर आहे, दिवसभर साइटवर फिरते. नवीन छोट्या मशीनमध्ये पिशवीचं तोंड दाबून बंद करणारा जबडा हवेच्या दाबावर चालतो. बटण बंद केलं तरी नळीत हवा राहते आणि जबडा अचानक मिटू शकतो. लोक अडकलेली पिशवी हातानं ओढतात. ती कशी काढायची याचं पान पुस्तकात नाही, ते लगेच हवंय. रकान्यात तिनं 'तातडीचं' एवढंच लिहिलं होतं. मी टीप वाचली आणि ते काम यादीत सातवं टाकलं. पहिल्या नंबरला प्रदर्शनाची पुस्तिका होती, कारण विक्रीचे साहेब दिवसातून दोनदा येऊन उभे राहायचे. पुस्तिका छान झाली. त्यानंतर तीन आठवड्यांनी लासूर स्टेशनला डाळीच्या एका कारखान्यात त्या मशीनमध्ये एका बाईची दोन बोटं सापडली. एक अर्धं काढावं लागलं. दुसरं राहिलं, पण ते वाकत नाही.

त्या इंजिनियर पोरीसोबत मी त्या बाईच्या घरी गेले. ती बाजेवर बसली होती, हात मांडीवर ठेवून. तिनं शांतपणे सांगितलं, "बटन बंद केलं व्हतं मी, ताई. मशीन बंदच व्हती. पुस्तक बी काढून बगितलं. दहावीपस्तोर शिकलेय मी, वाचता येतं मला. पर अडकलेली पिशवी कशी काढायची, ते नव्हतं त्याच्यात. मंग ओढली." मग तिनं विचारलं, "माजं काय चुकलं का?" पोरगी म्हणाली, नाही. मीही म्हटलं, नाही.

ते पान लिहायला मला एक दुपार पुरली. दहा ओळी, दोन चित्रं. पहिली ओळ: आधी हवेचा कॉक बंद करा. मशीन गेलं होतं त्या प्रत्येक ठिकाणी पान पाठवलं, मशीनवर चिकटवून घेतलं. मीटिंगमध्ये विचारणा झाली की हे आधी का नव्हतं. मी म्हटलं, यादीत होतं, क्रम खाली होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. क्रम कुणी लावला हे कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. आता सोमवारी मी आधी एवढंच बघते की कोणतं पान नसलं तर कुणाला इजा होईल. बाकीचं त्याच्या खाली. विक्रीचे साहेब हल्ली माझ्याशी कमी बोलतात.

काकू अजून औरंगपुऱ्यात त्याच घरात राहतात. हे पत्र त्यांना नेऊन द्यावं असं एकदा वाटलं. त्या चष्मा लावून वाचतील, पोहे करतील आणि म्हणतील, ते तुझं लई नाव काढायचे. ते मला आत्ता ऐकायचं नाही, म्हणून नेणार नाही. राहील इथंच, कॉम्प्युटरमध्ये.

एक सांगायचं राहिलं. लासूरहून निघताना त्या बाईनं विचारलं होतं, "तुमी कंपनीत काय करता, ताई?" मी म्हटलं, "सर्व्हिसला आहे." सोबतच्या इंजिनियर पोरीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि ती चप्पल घालायला लागली. पुस्तक मी लिहिते, हे मी त्या बाईला सांगितलं नाही.