अर्ध्या तासाचे सहा नट

आदरणीय साडूभाऊ यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे साष्टांग तूर्त कागदावरच घालतो.) आपली तब्येत ठणठणीत असणारच. आपल्या डोक्याचा ताप दोरीने ओढत आणून दुसऱ्याच्या दारात सोडला, की झोप गाढ लागते म्हणतात. ताईंना नमस्कार सांगा. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे बोटं दहाच्या दहा आहेत आणि त्यातली सात चालतात. फोन न करता पत्र लिहितोय, कारण गाडीचं नाव काढलं की तुमच्या फोनची रेंज जाते.

तर गाडी. आपल्या सासरेबुवांनी नऊ वर्षांपूर्वी घर बदलताना ती तुमच्या हवाली केली, नीट जपा म्हणून. तुम्ही जपलीत, कुंपणालगत, उघड्यावर, नऊ पावसाळे. (एखादा पावसाळा चुकला असता तर तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं असतं.) मग गेल्या महिन्यात अचानक तुमचं मन मोठं झालं आणि ती मला भेट मिळाली. आता येत्या रविवारी सासरेबुवा आमच्याकडे यायचेत आणि त्यांना आपल्या गाडीतून एक फेरी मारायची आहे. तुम्ही त्यांना 'गाडी धाकट्या जावयाकडे असते' एवढंच सांगितलंत. कधीपासून, ते सांगायचं कामाच्या गडबडीत राहून गेलं असणार. म्हणजे बॉनेट उघडलं की सगळा गंज माझ्या नावावर. सोळा वर्षांत त्यांनी माझ्याशी 'जेवलात का' यापलीकडे एक वाक्य बोललेलं नाही. दुसरं वाक्य शिवीचं असू नये, एवढीच माझी माफक इच्छा आहे.

इंजिन सुरू होतं, पण धुराचा पाइप जिथे इंजिनाला जोडलाय तिथलं पॅकिंग गेलंय आणि आवाज असा येतो की शेजारच्या आजी दारं लावून घेतात. पॅकिंग बदलायचं तर सहा नट काढायचे. अर्ध्या तासाचं काम, असं तुम्ही म्हणाला होतात. आज दहावा दिवस. तुम्ही विसरलात की हे नट खुद्द सासरेबुवांनी आवळलेले आहेत. त्यांनी लावलेलं बरणीचं झाकण उघडायला सासूबाई समोरच्या पैलवानाला हाक मारत, हे तुम्हाला माझ्याआधी ठाऊक.

पहिले दोन नट निघाले. (रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून, ही तुमच्या मेहुणीची कल्पना, आणि तसं ती दर तासाला सांगते.) तिसऱ्यावर पाना घसरला आणि नटाचे कोपरे गोल होऊन तो गोटीसारखा गुळगुळीत झाला. शेवटी छिन्नीने फोडला. चौथ्याच्या वेळी मी सगळं वजन टाकलं, कडकन आवाज झाला, नट सुटला म्हणून मी आनंदाने ओरडलो, आणि बघतो तर तो ज्या दांड्यावर बसला होता तो अर्धा दांडाही माझ्या हातात. उरलेला अर्धा इंजिनात तसाच आहे आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. पाचवा निघाला, पण जाताना माझी कंबर धरून गेला. राहिला सहावा. तो इंजिनाच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून बसलेला, सरळ दिसतच नाही. म्हणून तुमच्या मेहुणीचा आरसा पुढे धरला आणि आरशात बघून, डावीकडे, डावीकडे, असं तब्बल दोन संध्याकाळी जोर लावला. साडूभाऊ, मी बावीस वर्षं शाळेत भूमिती शिकवतो. आरशात उजवं-डावं उलटं दिसतं हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. दोन संध्याकाळी मी तो नट आवळत होतो. ही गोष्ट तुमच्या मेहुणीला कळलेली नाही. कळली तर तुमच्याकडूनच कळली असं मी धरून चालेन.

असो. थोरामोठ्यांचा वेळ फार घेतला. लोभ असू द्यावा, जमल्यास लांबूनच.

आपला,
धाकटा साडू

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. शनिवारी ड्रिल मशीन घेऊन या आणि रविवारी सासरेबुवांसमोर खरं काय ते सांगून टाका. ताईंनी मागे भोपळ्याचा वेल किती छान चढलाय म्हणून फोटो पाठवला होता. वेल खरंच छान आहे. तो कशावर चढलाय, तेही स्वच्छ दिसतं.

ता. क. २. पाकीट फोडून पुन्हा लिहितोय. सासरेबुवा आज सकाळी, तीन दिवस आधीच दारात उभे! चहासुद्धा न घेता त्यांनी बॉनेट उघडलं आणि गाडी किती वर्षं उघड्यावर ठेवली म्हणून विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी मला गाढव म्हटलं. मग बाह्या सारून सहावा नट गरम केला, वर मेणबत्ती टेकवून मेण आत मुरू दिलं, केसभर आवळला, आणि मग पाना माझ्या हातात देऊन म्हणाले, आता हळू सोड. सुटला हो! तेव्हापासून ते बोलताहेत. मोडका दांडा काढायला शिकवणार आहेत, मग ब्रेक, मग गिअर. इतक्या निष्काळजी माणसाच्या हातात गाडी सोडून जाता येत नाही म्हणून महिनाभर राहणार आहेत. मला अरे-तुरे करतात. दुपारी मला सोडून जेवायला बसले नाहीत.

तेव्हा शनिवारी कृपा करून येऊ नका. वेलाचा फोटो मी फोनमधून पुसून टाकलाय, ताईंनाही पुसायला सांगा. आणि सासरेबुवांनी फोनवर कितीही खोदून विचारलं, तरी नऊ वर्षं गाडी माझ्याकडेच होती म्हणून सांगा. पाया पडतो.