संध्याकाळचा वर्ग कोणाचा

३ जून, मंगळवार

संध्याकाळच्या वर्गातल्या सोबत्यांनो, दिवसभर राबून तुम्ही शिकायला येता, आणि वेळापत्रक ठरवताना तुम्हाला कुणी विचारतसुद्धा नाही! – उद्याचं भाषण असंच सुरू करायचं.

नवं वेळापत्रक आज फळ्यावर लागलं. राज्यशास्त्राचा संध्याकाळचा वर्ग माझ्याकडून काढला. मला सकाळी पहिल्या वर्षाची तुकडी. आणि माझा वर्ग कोणाला? विभागातल्या धाकटीला! माझ्याच हाताखाली शिकली, कंत्राटावर लागून वर्ष नाही झालं. विभागप्रमुखांना गाठलं. "मॅडम, वरूनच आलंय तसं." वरून म्हणजे कुठून? गच्चीवरून? चष्मा पुसत बसले.

धाकटी जिन्यात दिसली. मान खाली घालून निघून गेली. माझ्यासमोर!

४ जून, बुधवार

भाषण झालं. वर्ग गच्च, काही जण खिडकीत. म्हटलं, "या वर्गाला नाव नोंदवू नका. एकानेही नाही! रिकामे बाक दिसले की येतील शुद्धीवर." वर्गातला बसकंडक्टर उठून ओरडला, "मॅडम, आपण तुमच्या मागे!" टाळ्याच टाळ्या. घसा पार बसला.

नर्स तेवढी थांबून राहिली. "मी या वर्गासाठी रात्रपाळी मागून घेतलीय, मॅडम. वर्ग बुडणार नाही ना?"

"बुडवायची हिंमत आहे कोणाची!" म्हटलं. उत्तर झकास होतं. पण तिचा प्रश्न घरी येईपर्यंत मनातून जाईना.

नवरा म्हणतो, "समजा परत मिळाला. सकाळची तुकडी आणि हा, दोन्ही घेणार? की सकाळच्यांना भाषण रेकॉर्ड करून देणार?" म्हटलं, तू गप जेव.

५ जून, गुरुवार

एकही नाव नाही! नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून माशा मारतोय. एकजूट म्हणतात ती ही! तरी जिवाला स्वस्थता नाही. दोनदा चहा ठेवला, दोनदा उतू गेला.

संध्याकाळी –

धाकटी आली. चपला न काढता दारातच उभी. संध्याकाळचा वर्ग बंदच करायचं ठरलं होतं म्हणे. कायम नोकरीतल्यांचे सगळे तास दिवसाच्या तुकड्यांना हवेत. हिने प्रमुखांच्या मागे लागून तो मागून घेतला, स्वतःच्या तासांच्या वर, पदराला खार लावून. उद्या पाचपर्यंत पंधरा नावं आली नाहीत, तर वर्ग कायमचा गेला.

"आणि मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुम्ही भाषण केलं असतं, मॅडम." शांतपणे म्हणाली. "गाजावाजा झाला तर वरचे लोक अडून बसतील, असं सर म्हणाले होते. म्हणून गप्प राहिले."

बोलणं हाच माझा धंदा, आणि तिला 'आत ये, बस' एवढंही म्हटलं नाही. गेली.

तिचा राग यायला हवा. येत नाही. कोणाचाच येत नाही, आणि तेच सहन होत नाहीये.

६ जून, शुक्रवार

सकाळपासून एकेकाला फोन. नर्सला पहिला. सगळ्यांना एवढंच – परवाचं माझं बोलणं विसरा. आज पाचच्या आत या आणि धाकटीच्या वर्गाला नाव घाला.