कडेन्झा संपल्याची खूण

२ जुलै, सोमवार
कॉन्सर्टला एकोणीस दिवस. मी पियानोवर, सोबतीला अख्खा ऑर्केस्ट्रा: आधी जुना कॉन्चेर्टो, मध्यंतरानंतर नवा. नव्यात पियानोच्या पोटात हात घालून तारा ओढायच्या आहेत. असो. नव्यासाठी समोर स्वरलिपीचं पुस्तक ठेवायची सगळ्यांनाच मुभा असते. जुना मात्र पाठ. चाळीस वर्षं पाठच वाजवतोय.
संकल्प: रोज सकाळी साडेसहाला उठून चार तास रियाज.

४ जुलै, बुधवार
उठलो नाही. न्यूझीलंडात जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि ड्युनिडिनची थंडी म्हणजे बोटांचा शत्रू. दुपारी चष्मा ब्रेडच्या डब्यात सापडला. नोएलीन हल्ली वस्तू कुठेही ठेवते. बायकोचंही वय होतंच.

७ जुलै, शनिवार
नायरी घरी आली. ऑर्केस्ट्राला काठीनं इशारे देणारी नवी कंडक्टर, वय बत्तीस. चार चीज रोल खाल्ले आणि मग मुद्द्यावर आली. विचारते, ड्युगल, तुमचा कडेन्झा किती मिनिटांचा धरू?
म्हटलं, बाई, दोन मिनिटं. तुम्ही सगळे गप्प बसायचं, मी एकट्यानं वाजवायचं. माझं झालं की मी लांब ट्रिल घेईन, शेजारशेजारच्या दोन पट्ट्या थरथरत राहतील. ती खूण. मग काठी उचलायची. हे शाळेत शिकवतात.
ती म्हणाली, हो, ते माहीत आहे, पण परवा तालमीत ट्रिल आलीच नाही ना, म्हणून विचारलं.
परवा तालीम होती हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. मी होतो म्हणे. या लोकांचा कारभार असाच.

१० जुलै, मंगळवार
कडेन्झा माझा स्वतःचा, १९८४ साली लिहिलेला. त्यात मुख्य धून दोनदा येते. पहिल्यांदा ती खाली खर्जात वळते, दुसऱ्यांदा सरळ ट्रिलकडे जाते. दुसऱ्या वेळी चुकून पहिलं वळण घेतलं की माणूस पुन्हा सुरुवातीला येतो. नवशिके घेतात.
नोएलीन स्वयंपाकघरातून म्हणाली, अरे, हे चौथ्यांदा झालं. म्हटलं, मुद्दाम घोटतोय. ती म्हणाली, पुस्तक ठेव समोर, तुझ्या पाया पडते.
नाही ठेवणार. पुस्तक ठेवून जुना कॉन्चेर्टो वाजवणं म्हणजे स्वतःच्या बायकोला नाव विचारण्यासारखं आहे.

१२ जुलै, गुरुवार (नोएलीन म्हणते तेरा, शुक्रवार. वादात अर्थ नाही.)
फर्गस आला होता. व्हायोलिनवाल्यांचा म्होरक्या, माझा पस्तीस वर्षांचा दोस्त. म्हणतो, लेका, पुस्तक ठेवलंस म्हणून तुझी पेन्शन कुणी काढून घेणार नाही. आणि नायरी ऑकलंडच्या एका पियानोवाल्या पोरीला फोन करायच्या बेतात आहे, हे लक्षात ठेव.
फोन करू दे. माझ्या जागी दुसरं कुणी बसलेलं मी बघणार नाही. रात्रभर एकच विचार: हे वाजवता आलं नाही, तर मी नेमका कोण? भीती वाटली. सकाळी भरपूर मार्मलेड लावून टोस्ट खाल्ला, बरं वाटलं.

१८ जुलै, बुधवार
नोएलीननं डॉक्टरची वेळ घेतली होती. तालीम आहे सांगून टाळली.
संकल्प: रोज सकाळी साडेसहाला उठून चार तास रियाज. (हा आधी केला होता की काय? असो. चांगला आहे.)

२० जुलै, शुक्रवार
रंगीत तालीम. वळण बरोबर, ट्रिल बरोबर, नायरीची काठी बरोबर. फर्गसनं डोळा मिचकावला. आता बोला.

२१ जुलै, शनिवार, दुपारी ४
नोएलीननं पुस्तक गुपचूप माझ्या बॅगेत घातलं होतं. मी ते गुपचूप काढून घरीच ठेवलं.

२२ जुलै, रविवार
कॉन्सर्ट उत्तम झाली. टाऊन हॉल भरला होता. सुरुवात तर फारच सुरेख. कडेन्झात मला सूर सापडला, म्हणून जरा खुलवला. नायरीची काठी वर गेली, खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. घाई फार त्या पोरीला. हॉलमध्ये कुणी खोकतसुद्धा नव्हतं.
आणि मी रंगात असताना फर्गसनं व्हायोलिनवर ट्रिल घेतली. माझी ट्रिल! ऑर्केस्ट्रा लगेच आत शिरला. माझे हात पट्ट्यांवरच राहिले.
शेवटी सगळा हॉल उभा राहिला. उभं राहून टाळ्या वाजवणारे लोक एरवी हसत असतात. काल कुणी हसत नव्हतं.
मध्यंतरानंतरचा नवा कॉन्चेर्टो वेळेअभावी रद्द. फर्गसला जाब विचारला, तर व्हायोलिनच्या पेटीकडे बघत म्हणाला, मला वाटलं तू दमलास. त्याच्याशी मी महिनाभर बोलणार नाही.
गाडीत नोएलीन म्हणाली, अकरा मिनिटं. विचारलं, कशाची? ती गाडी चालवत राहिली.

३० जुलै, सोमवार
डॉक्टर. साठी उलटलेल्या कलावंताला घड्याळाचं चित्र काढायला लावतात. काढलं. आकडे एका बाजूला जरा दाटले, एवढंच. तीन शब्द लक्षात ठेवायला लावले, नंतर विचारल्यावर मी दोन सांगितले. तिसरा अगदीच फालतू होता. नंतर डॉक्टर सगळं नोएलीनशीच बोलला.
ऑर्केस्ट्राचं पत्र आलं. पुढच्या वर्षी कॉन्सर्टआधी मी प्रेक्षकांशी गप्पा माराव्यात म्हणे. विचार करू.

२० सप्टेंबर, गुरुवार
फर्गस हल्ली दर गुरुवारी व्हायोलिन घेऊन येतो. माझं त्याच्याशी कशावरून तरी बिनसलं होतं, मी माफ केलं. मी कडेन्झा वाजवतो, शेवटची ट्रिल तो घेतो. घेऊ देतो त्याला. म्हातारा झालाय, तेवढाच सराव.
आज मात्र हद्द केली. नोएलीननं गरम चहा आणून ठेवला, मी बसलो, बाही सारखी केली, हात उचलले आणि यानं ट्रिल घेतली. म्हटलं, अरे गाढवा, मला सुरू तरी करू दे. त्यानं नोएलीनकडे पाहिलं. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ड्युगल, तू तासभर वाजवतोयस.
दोघं मिळून माझी थट्टा करतात. मी हसलो आणि कप उचलला.
चहा मात्र गार झाला होता.