आईचा लॅपटॉप थंड केला

सोमवार, ३ मार्च

परत बंद पडला! मावशी रंगात येऊन तिच्या सासूची नक्कल करत होती आणि अर्ध्या वाक्यात पडदा काळा. आई बिचारी आमच्या तोंडांकडे बघत बसली. तिचे कान गेल्यापासून हा लॅपटॉपच तिचे कान — आपण बोलायचं, तो मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतो. पण बोलणं लांबलं की तापतो. सत्त्याण्णव अंश! मग मान टाकतो.

रविवारी दादा येतोय. बाबा गेल्यावर आईशी भांडून गेला तो आता, दोन वर्षांनी. फोनवर म्हणाला, "एकदा मनातलं बोलतो, मग ती म्हणेल ते." आईला सांगितलेलं नाही — नको म्हणाली तर? त्या दिवशी हा बंद पडता कामा नये. बास.

मंगळवार, ४ मार्च

पंखा उघडून साफ केला. उशी भरेल एवढा केर! तरी नव्वद.

बुधवार, ५ मार्च

ऑफिसात सर्व्हर सांभाळणारा म्हणाला, "प्रोसेसर झेपत नसताना धावतोय. बूस्ट बंद कर, म्हणजे तो जास्तीचा वेग." आईच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, त्यात त्यासाठी एक फाइल असते. तिच्यात शून्य लिहिलं. काही फरक नाही! बरंच डोकं आपटल्यावर उजेड पडला — फाइलीचं नावच 'टर्बो नको' अशा अर्थाचं. तिथे शून्य म्हणजे धाव बाबा! एक लिहिलं. बासष्ट अंश. अक्षरं जरा मागून येतात, पण येतात.

गुरुवार, ६ मार्च

लॅपटॉप बंद करून सुरू केला तर सेटिंग गायब. पहिले पाढे पंचावन्न! आता सुरू होतानाच बूस्ट बंद करणारी छोटी सर्व्हिस, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, लिहिली. मीही हट्टाला पेटले आहे.

शनिवार, ८ मार्च

मावशीला मुद्दाम बोलतं केलं. तिला काय, निमित्तच हवं. दिवसभर चालला! आई कुरकुरली, "थंडगार पडलंय हे." म्हटलं, हीच तर कमाल!

रविवार, ९ मार्च

दादा आला. मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले, फोनवर तापमान बघत. एकसष्ट! आई खिडकीकडे तोंड करून पुस्तक वाचत होती, शेजारी लॅपटॉप. समोर जायचा दादाला धीर होईना. दारातूनच म्हणाला, "आई, चुकलं माझं." सगळं बोलला. थांबला. आईने मान वर केली नाही. तो पाणीही न पिता निघून गेला.

इतकी चिडले की दुपारभर तिच्यासमोर गेलेच नाही. काळीज आहे की दगड!

रविवार, संध्याकाळ

आईने हाक मारली. पडद्यावर बोट ठेवून रडत होती. "हा कधी येऊन गेला गं? वाचताना माझा हात असतो या लॅपटॉपवर. गरम व्हायला लागलं की कळतं, कोणीतरी बोलतंय. मग वर बघते."

दादाची गाडी आठची. आई चपला घालून दारात उभी आहे.