आजोबांचा मागचा पाय

४ मार्च, मंगळवार

आजोबांनी आज मला झिडकारलं! आजोबा म्हणजे घोडेस्वारीच्या शाळेतला चोवीस वर्षांचा घोडा. नाव मुलांनी ठेवलेलं. नाल ठोकायला डावा मागचा पाय उचलला, तर थरथर कापला, मग झटक्यानं पोटापर्यंत वर — आणि दाणकन खाली. तीनदा तेच. एकतीस वर्षं नालबंदी करतोय, आजवर माझ्या हातातून पाय सुटला असं कुणी म्हणू शकत नाही.

शाळेच्या बाई काळजीत. घोड्याभोवती मुलं वावरतात, बिथरला असेल तर ठेवता येणार नाही म्हणाल्या. डॉक्टरांना बोलावलंय, पण निर्णय माझ्यावर सोपवला. माझ्या शब्दाला अजून वजन आहे! बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

५ मार्च

खूर पुन्हा तपासला. मागच्या वेळचा एकही खिळा वाकडा गेलेला नाही. माझं काम चोख.

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टर आले. आजोबांना चालवून, पळवून पाहिलं. वयानं सांधे आखडलेत, बाकी ठणठणीत म्हणाले. मग नाल ठोकतानाच का झटकतात? म्हणजे खोडच! सोमवारी बाईंना सांगून टाकायचं — ठेवू नका.

१० मार्च, सोमवार

सांगायचं राहिलं, आणि बरं झालं!

लेक सोबत होती. दोन वर्षं माझ्या हाताखाली शिकतेय, पण मागचे पाय तिला कधी दिले नव्हते. एकदा मला बघू द्या म्हणाली, आणि मी नको म्हणायच्या आत उकिडवी बसली. पाय वीतभरच उचलला, लाकडी ठोकळ्यावर टेकवला. थरथर सुरू झाली. लेक थांबली. थांबली म्हणजे थांबलीच — माझ्यात एवढा धीर नाही. हळूहळू आजोबांनी मान खाली सोडली, पाय सैल सोडला. सहाही खिळे बसले!

"बाबा, आजोबा पाय द्यायला नाही म्हणत नाहीयेत. एवढा वर नको म्हणताहेत. तुमची कंबर वाकत नाही, म्हणून तुम्ही त्यांचा पाय वर ओढता."

बाईंच्या देखत! रागवायला हवं होतं. पण छाती अशी फुगली की काय सांगू. माझी लेक! बाईंना म्हटलं, घोडा शहाणा आहे, राहू द्या. यापुढे नालबंद तेवढा बदला.

११ मार्च

दिसेल त्याला सांगत सुटलोय. बायको म्हणाली, मला पाचव्यांदा सांगताय.

१४ मार्च, शुक्रवार

लेकीनं सहज विचारलं, असा पाय झटकणारा घोडा आधी कधी भेटला होता का? नाही म्हणालो.

भेटली होती. पांढरी घोडी, बावीस वर्षांची. खोडकर आहे, काढून टाका, असं मीच मालकाला सांगितलं. तिला न्यायला गाडी आली, तेव्हा गाडीच्या उंच फळीवर चढताना तिनं तोच पाय झटकला. मी मालकाला म्हटलं होतं — बघा!