तलावाची जागा ठरेना

प्रिय रोहिणी,

पाकिटावर माझं अक्षर बघून काळजात धस्स झालं असेल, तर आधी घोटभर पाणी पी. इकडे सगळं ठीक आहे. तुझे दादा दोन भाकऱ्या खाऊन ओटीवर खुर्चीत बसलेत आणि मी परसात कढीपत्त्याच्या सावलीला, मांडीवर पाट घेऊन लिहितेय. रोज फोनवर बोलणारी वहिनी एकदम पत्रावर का आली, ते शेवटी सांगते. आधी बातमी ऐक. आपल्या दारात पोहायचा तलाव होणार आहे. हसू नकोस, खरंच सांगतेय.

खूळ स्वप्नीलचं. शनिवार-रविवार पळसदरीच्या धरणावर मुंबईची माणसं येतात, त्यांना राहायला घर लागतं आणि घरापुढे निळं पाणी लागतं, हे त्याच्या डोक्यात बसलंय. मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि तलावाचं कर्ज त्यातून फेडायचं. मी म्हटलं, बाबा रे, इथे आयुष्यभर चिखलात उभं राहून लावण्या केल्या, पाण्यात बसायचे पैसे कोण देणार? तर म्हणतो, आई, तेच तर देतात. त्यानं नेरळचा एक ठेकेदार आणला. योगेंद्र नाव. पोरगा चांगला आहे, पण बोलायला लागला की थांबत नाही. खणायचे वेगळे, कातळ लागला तर फोडायचे वेगळे, सळया-काँक्रीटचे वेगळे, फिल्टरच्या मशीनचे वेगळे, आणि पहिल्यांदा भरायला टँकर लागणार त्यांचेही वेगळे. सगळं मिळून अठरा लाखांच्या घरात जातं. होळी झाली की खणायला घ्यायचं, काँक्रीटवर पंधरा-वीस दिवस पाणी मारायचं, मग भरून गळतंय का बघायचं, मग लाद्या. मृगाच्या आत आटपलं तर आटपलं, नाहीतर पावसात खड्डा भरणार आणि काम दिवाळीवर जाणार.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तुला माहीतच आहे, गौरी-गणपतीत झटका आल्यापासून ह्यांचा हात सुधारला, काठी घेऊन आंब्यापर्यंत जातात, पण वाचा काही परत आली नाही. समजतं सगळं, तोंडातून शब्द निघत नाही. डॉक्टर म्हणाले, येईल ते पहिल्या वर्षातच येईल, त्यांना बोलतं ठेवा. कर्जतला बोलायला शिकवणाऱ्या एक बाई चित्रांचे पत्ते देतात, त्यावर केळं, चेंडू, मांजर. ज्या माणसानं भावकीचे तंटे मिटवले त्याला आपण विचारायचं, हे काय आहे? ते पत्ते ढकलून देतात. मला वाईट वाटायचं आणि ताठा तसाच आहे म्हणून बरंही वाटायचं. चार महिने असेच गेले गं. घरात नुसता पंख्याचा आवाज.

आणि एके दिवशी योगेंद्रनं पुढच्या खळ्यावर चुन्याची रेघ मारली. सपाट जागा आहे, खर्च वाचेल म्हणाला. मी चहा घेऊन बाहेर येत होते. तुझे दादा काठी टेकत उठले, रेघेवर जाऊन उभे राहिले, तोंड लालबुंद झालं, मानेच्या शिरा ताठल्या. मला वाटलं, दुसरा झटका आला. आणि म्हणाले, "नाय."

एवढंच. मी चहा जोत्यावर ठेवला आणि तिथेच बसले.

मग काय, दर रविवारी योगेंद्र यायचा आणि हे अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून त्याची वाट बघायचे. आंब्याखाली जागा दाखवली, तर पाला पडेल म्हणून नाय. पडवीमागे दाखवली, तर तिथेही नाय. मग तलाव किती खोल हवा ते निघालं. चार फूट पुरे, पाहुण्यांना पोहता येत नसतं, असं योगेंद्र म्हणाला. ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, असं बघितलं, आणि तोंड वेडंवाकडं करत एकेक अक्षर ओढून काढलं, "म्हशी बसवायच्यात?" स्वप्नील आत जाऊन रडून आला. मी मात्र हसले, कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसले.

सगळ्यात मोठी मजा साफसफाईवरून झाली. दर वैशाखात आपण विहीर उपसतो, गाळ काढतो, तसा तलावही पावसाआधी रिकामा करायचा, हे ह्यांनी मनाशी धरलेलं. योगेंद्र म्हणाला, काका, पावसात तलाव रिकामा ठेवायचा नसतो. ही भातखाचरांची जमीन, खालून पाणी चढतं, रिकामी टाकी वर उचलली जाते आणि तडकते. हे ऐकेनात. पाव तास झटत होते, घाम आला, मी पुसायला गेले तर हात झिडकारला. शेवटी म्हणाले, "पावसाच्या आधी हौद उपसायलाच पायजे." रोहिणी, अख्खं वाक्य. साफ चुकीचं, पण अख्खं. मी त्या दिवशी गूळ-खोबरं वाटलं, शेजारणीला कारणही सांगितलं नाही.

ते वाक्य ऐकलं आणि मला तुमची विहीर आठवली. मी खोपोलीची, कारखान्याच्या चाळीत वाढलेली, नळाखाली बादलीत अंघोळ करणारी. लग्न होऊन आले तो पहिला वैशाख. विहीर उपसून झाली, नवं पाणी चढलं आणि तुम्ही दोघं बहीण-भाऊ काठावरून धाडकन आत. किती वेळ वर येईनात, माझा जीव टांगणीला. वर आलात ते मुठीत गाळ घेऊन, तळ कोणी आधी गाठला म्हणून भांडत. तू म्हणायचीस, दादा, तुझा गाळ तळाचा नाही, भिंतीचा आहे. ते म्हणायचे, चाखून बघ. मला वाटलं, कुठल्या घरात पडले मी. ह्यांचं आपसात पटत नाही, माझं काय होणार. पुढे कळलं, तुम्हाला एकमेकांवर माया करायची दुसरी तऱ्हाच येत नव्हती. तुझ्या पाठवणीला आम्ही सगळ्या पदर डोळ्यांना लावून उभ्या आणि तुम्ही दोघं टेंपो खोपोलीवरून न्यायचा की कर्जतवरून, ह्यावर हातघाईला आलेले. तू भांडतच टेंपोत चढलीस. हे गोठ्यात गेले ते दिवे लागेपर्यंत बाहेर आले नाहीत. मी बघायला गेले तर गाईच्या पाठीवर डोकं टेकून रडत होते. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, आज सांगितलं.

आता मुद्द्यावर येते. गेल्या रविवारी सगळं ठरलं. जागा परसाच्या कडेला, खोली एका टोकाला साडेपाच फूट, लाद्या काळ्या. सगळं ह्यांच्या मनासारखं. कागदावर सही तेवढी राहिली, ती होळीनंतर. मी खूश व्हायला हवं. पण ठरल्यापासून हे पुन्हा गप्प झालेत. सदरा बदलत नाहीत, काल दिवसभर एक शब्द नाही. ज्यावरून भांडायचं तेच संपलं. गणपतीला वर्ष भरेल, रोहिणी, आणि मला रात्री झोप लागत नाही.

तू दिवाळीला आली होतीस. त्यांचा हात हातात घेऊन रडलीस, लहान मुलाशी बोलावं तसं गोड बोललीस. तुझं मन मला कळलं. पण तू बोलत होतीस आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, तेही मी बघितलं. हे फोनवर कसं सांगू? तुझा फोन आला की ते खुणेनं स्पीकर लावायला लावतात आणि तू ठेवेपर्यंत कान देऊन बसतात. म्हणून हे पत्र. वाचून फाडून टाक आणि होळीला निघून ये. कपडे जास्त आण. जमिनीत तुझाही हिस्सा आहे, तुझ्यावाचून सही होणार नाही असं मी घरात सांगून ठेवलंय. स्वप्नीलला सगळं ठाऊक आहे, काम दिवाळीवर गेलं तरी चालेल म्हणाला. मात्र रडायचं नाही आणि गोड तर अजिबात बोलायचं नाही. पायरी चढायच्या आधीच सुरू कर. म्हण, दादा, कोणाला विचारून जागा ठरवलीस, अक्कल आहे का तुला. आणि मग थांब. कितीही वेळ लागला, त्यांचं तोंड कितीही वाकडं झालं, तुला कितीही भरून आलं, तरी उत्तर येईपर्यंत थांब. मी आत चहा टाकते, मी मध्ये पडणार नाही.

वाट बघणारी,
तुझीच,
सुरेखावहिनी