शंख नसलेला ओढा

प्रिय बाल्तासारदादा,

तू खुशाल असशीलच. डॉन गास्पारच्या पदरी असणाऱ्यांना गव्हाची रोटी मिळते म्हणे. इथे झऱ्यावर त्याचा पहारेकरी बसून सव्वा महिना झाला. सगळं पाणी पाट काढून त्याच्या पाणचक्कीकडे वळवलंय. आम्ही दोन कोसांवरच्या डबक्यातून गढूळ पाणी आणतो. आईसुद्धा या वयात पाठीला मडकं बांधून जाते. तुला कळावं म्हणून सांगते, दया यावी म्हणून नाही.

परवा गावाच्या तक्रारीवर सुनावणी सुरू झाली. डॉन गास्पारसाठी तू काढलेला नकाशा न्यायाधीशांसमोर उलगडला. टेकडी, देऊळ, वाटेवरची पावलं, सगळं बाबांच्या वळणाचं. मला मेलीला क्षणभर अभिमान वाटला. मग झऱ्यापासून गावात येणारा आपला ओढा दिसला. दोन तपकिरी रेघा, मध्ये काही नाही. निळा रंग नाही, काळ्या लाटा नाहीत, काठाला फुटलेली पाण्याची बोटं नाहीत, त्यांच्या टोकांना एकाआड एक थेंब आणि शंख नाहीत. आपल्या नकाशात याचा अर्थ एकच, कोरडी घळ! पाणी गावात पोचतच नाही, मग मला द्या, असं म्हणायला डॉन गास्पारला तेवढंच हवं होतं.

गावाच्या वतीने तोमासकाकांनी रिवाजाप्रमाणे बोट फिरवत नकाशा मोठ्याने वाचला. ओढ्यापाशी बोट थांबलं. “घळ कोरडी? मग आमच्या बायका इतकी वर्षं मडक्यात काय धूळ भरत होत्या?” लोक हसले. काका हसले नाहीत.

आठवतं? मी निळ्या फुलांचा रस काढायचे आणि तू रंगवायचास. एकदा तू एका बोटाला थेंब दिला नाहीस, तर बाबांनी तुला दिवसभर उपाशी बसवलं. “हे पाणी वाहणार कसं, गाढवा?” म्हणाले. मी चोरून तुला मक्याचा उंडा आणून दिला होता. तेव्हा वाटायचं, बाबाच दुष्ट आहेत.

डॉन गास्पारचा वकील म्हणाला, “चित्रकार माणूसच आहे. राहून गेलं असेल.” काल न्यायाधीशांनी मला उभं केलं, कारण बाबांच्या मागे तुझा हात ओळखणारी मीच उरले. चूक असेल तर नवा नकाशा काढून प्रकरण मिटणार होतं. लबाडी असेल तर चित्रकाराला चौकात फटके आणि हद्दपारी. आदल्या रात्री आईने माझे पाय धरले होते. “चूक झाली म्हण गं. तेवढंच म्हण.” आईने लेकीचे पाय धरावेत, ही वेळ तू आणलीस.

मी पाणचक्कीच्या पाटावर बोट ठेवलं. तिथे तू एकही शंख विसरला नाहीस, दादा. सगळे मोजून, एकाआड एक, सुरेख. मी तेच न्यायाधीशांना दाखवलं आणि सांगितलं, माझा भाऊ चुकत नाही.

झरा गावाला परत मिळाला. सगळे माझ्या नावाचा जयजयकार करत होते. आई माझ्याशी बोलत नाही.

तुला धरायला शिपाई निघताहेत. हे पत्र नेणारा माणूस डोंगरातली जवळची वाट जाणतो, तो त्यांच्या एक दिवस आधी पोचेल. हा एक दिवस आईने तोमासकाकांकरवी मागितला म्हणून देते आहे. त्यात काय करायचं ते तू ठरव. फक्त इकडे येऊ नकोस.

तुझीच, दुसरं काय लिहू,
आना